अल-शम्स लिहायचं आणि अश्शम्स वाचायचं, मग अल्कोहोलचा ल का जात नाही?

मोगरी_शारजा :

नमस्कार मंडळी. बरीच वर्षं वाचनमात्र आहे, धागा पहिल्यांदाच काढतेय, विभाग चुकला असेल तर संपादकांनी हलवा प्लीज. तर झालंय असं की आम्ही शारजात राहतो, इथे शाळेत अरबी सक्तीचं असतं, लेक चौथीत गेली आणि आता तिचा गृहपाठ म्हणजे रोज संध्याकाळी माझीच परीक्षा. लिपी मी तिच्याबरोबरच शिकले, अक्षराला अक्षर लावून वाचता येतं, पण तसं वाचलेलं बरोबर असतंच असं नाही हे काल कळलं.

पुस्तकात सूर्याचं चित्र, खाली शब्द. अलिफ, लाम, शीन, मीम, सीन. मी वाचलं अल-शम्स. लेक म्हणते, आई, अश्शम्स! टीचरनी सांगितलंय ल बोलायचा नाही. बरं बाई. पुढच्या पानावर चंद्र, मी शहाणपणा करून अक्कमर म्हटलं तर नाही, तिथे मात्र अल-कमरच. लिहिताना दोन्हीकडे लाम आहे हां. वर वर्गात त्यांना सांगितलंय की अल्जिब्रा, अल्कोहोल, अल्गोरिदम हे इंग्रजी शब्द मुळात अरबी, त्यातलं अल म्हणजे इंग्रजीतलं द. त्यावर कन्यारत्नाचा प्रश्न, मग त्यांचा ल का नाही गेला? नवरा म्हणाला गुगल कर, आणि झोपायला गेला.

दुसरी शंका कॉफीची. पुस्तकात कहवा (तो घशातला क), शेजारची इजिप्शियन बाई म्हणते अहवा, आणि नवऱ्याच्या ऑफिसातले इथलेच लोक म्हणतात गहवा. एका शब्दाचे तीन उच्चार आणि तिघंही म्हणतात आमचंच बरोबर, मग मुलीला शिकवू काय?

तिसरी शंका नाही, फजिती आहे. अंजिराला अरबीत तीन म्हणतात हे कळल्यावर फळवाल्याकडे जाऊन ऐटीत तीन मागितले, शक्य तितकं अरबी वाटावं म्हणून त अगदी जड करून. दुकानदार सीरियन होता. आधी बघत राहिला, मग पोट धरून हसला आणि बाहेरच्या कुंडीकडे बोट दाखवलं. काय म्हणाले असेन मी?

---

मस्कतचा_बापू :

ताई, तुम्ही त्याच्याकडे चिखल मागितलात :)

साधा त घेऊन तीन म्हणजे अंजीर, जड त घेऊन तीन म्हणजे माती, चिखल. गंमत बघा, आपण एक दोन तीन म्हणतो तोच तीन म्हणायचा होता, तुम्ही उगाच कष्ट घेतलेत. हे जड त, द, स वगैरे आपल्याला ऐकूच येत नाहीत आधी. आपले लोक त्याचा ट करतात, तो ट नव्हे. जीभ आपल्या त लाच ठेवायची आणि जिभेचा मागचा भाग टाळूकडे उचलायचा, म्हणजे पुढचा स्वर आपोआप जाडा होतो, ता चं ताॅ कडे झुकतं. मी तर कानाने व्यंजन ओळखायचा नादच सोडलाय, शेजारचा स्वर ऐकतो. आणि क च्या बाबतीत जास्त सांभाळा, घशातला क घेऊन कल्बी म्हणजे माझं हृदय आणि आपला साधा क घेऊन कल्बी म्हणजे माझा कुत्रा. प्रेमाने काही बोलायच्या आधी सराव करावा.

कहव्याचं सांगतो. तिघंही बरोबर. तो घशातला क (काफ) पुस्तकी अरबीत आहे, आखातात बोलताना त्याचा ग होतो, कैरो, बैरूत, दमास्कसकडे त्याचा चक्क आवंढा होतो, नुसता श्वास अडकतो. म्हणून गहवा आणि अहवा. मुलीला पुस्तकातलं शिकवा, बाकीचं ती मैदानावर शिकेल. इजिप्तवाल्यांचा दुसरा खाक्या म्हणजे ज चा ग, म्हणून जमाल नावाचं तिकडे गमाल होतं आणि जगभरच्या इंग्रजी पेपरांत इजिप्तचे राष्ट्राध्यक्ष नासर यांचं नाव गमाल अब्देल नासर असंच छापून आलं. आणि इंग्रजीत कॉफी गेली ती अरबांकडून थेट नाही, तुर्की काहवे, मग इटालियन काफ्फे, डच कोफी अशा फेऱ्या मारत, त्या फेऱ्यांत घशातला क बिचारा पार साधा झाला.

उलट दिशेने म्हणाल तर अरबीत प नाही. पेप्सीची बेब्सी, पाकिस्तानचं बाकिस्तान, आमच्याकडे पार्किंगच्या पाटीवर बार्किंग लिहिलेलं बघून नवीन आलेला माणूस कुत्रा शोधतो. टायरवाल्याच्या दुकानावर बनचर अशी पाटी दिसते ना, ते पंक्चर. इंग्रजी आहे हे मला कळायला वर्ष लागलं, मला वाटायचं मालकाचं आडनाव. पंख्याला जुने आखाती लोक बंका म्हणतात आणि सरळ जा म्हणायला सीदा, हे दोन्ही आपल्याकडून गेलेले.

पण मला खरा धक्का बसला तो हजर ने. आमच्या ऑफिसात एक इजिप्शियन हिशेबनीस होता, साहेबाने काही सांगितलं की हादिर, हादिर म्हणायचा. मी समजायचो जी हुजूर टाइप काहीतरी असेल. एक दिवस डोक्यात प्रकाश पडला, अरे हा हजर म्हणतोय! तो जड द फारसीत गेला की त्याचा झ होतो आणि आपल्याकडे आला की जहाजातला ज. एकदा हे कळलं की बँकेबाहेरच्या पाट्या वाचता येतात. कर्द म्हणजे कर्ज. सुपरमार्केटमध्ये अर्द खास लिहिलेलं असतं, म्हणजे स्पेशल ऑफर, आपला अर्ज आणि आपला खास. (आपण अर्ज करतो, ते अर्ज देतात, मूळ अर्थ समोर मांडणं.) रिदा म्हणजे संमती, तीच आपली रजा. आणि म्हणूनच इंग्रजीत रमादान आणि आपल्याकडे रमजान, महिना एकच.

---

जुन्या_दप्तरातला :

बापूंनी छान लिहिलंय. तो सूर्य-चंद्राचा प्रश्न माझ्याकडे घेतो कारण त्याचं उत्तर मराठी माणसाच्या कानात आधीच बसलेलं आहे, फक्त कोणी सांगत नाही.

अरबीची २८ अक्षरं, त्यातली १४ सूर्याची, १४ चंद्राची. नावं अशी का, तर शम्स मधला श पहिल्या गटाचा नमुना आणि कमर मधला क दुसऱ्या गटाचा, सूर्यदेवाशी बाकी काही संबंध नाही. जिभेच्या टोकाने उच्चारायची अक्षरं, त द र झ स श न ही मंडळी सूर्याकडची. ल सुद्धा जिभेच्या टोकाचाच, त्यामुळे तो त्यांच्यात विरघळतो आणि पुढचं अक्षर दुप्पट होतं. ओठांची, घशाची, जिभेच्या मागच्या भागाची अक्षरं, ब म फ क ख ह वगैरे, ही चंद्राकडची, तिथे ल शाबूत. ज मात्र नियमाला सोडून चंद्राच्या कळपात आहे, त्याचं मुलीला पाठच करायला सांगा.

आता ही नावं मोठ्याने म्हणा. अब्दुल करीम, अब्दुल हमीद, अब्दुल कादिर. आणि आता अब्दुर रहमान, अब्दुस सलाम. अब्दुल रहमान असं कोणी जुना माणूस म्हणायचा नाही. निजामुद्दीन मध्ये ल नाही कारण पुढे द आहे, निजामुल्मुल्क मध्ये ल आहे कारण पुढे म. शाळेत इतिहासात आपण हा नियम घोकलाय, नाव न घेता.

मग लेकीचं उत्तर सोपं आहे. अल-जब्र, अल-कुहल, अल-ख्वारिज्मी. पुढे ज, क, ख. तिन्ही चंद्राची, म्हणून ल टिकला. आणि सूर्याचं उदाहरण हवं असेल तर साखर घ्या. अरबीत सुक्कर, अल लावलं की अस्सुक्कर, ते स्पेनच्या लोकांनी कानाने जसंच्या तसं उचललं, आजही स्पॅनिशमध्ये साखर म्हणजे आसुकार. ल नाहीच! इंग्रजी शुगर मात्र इटलीच्या वाटेने आली, त्या वाटेवर अल चिकटवायची पद्धत नव्हती. कापसाचंही तेच, अरबी कुत्न, स्पॅनिश आल्गोदोन, इंग्रजी कॉटन. स्पेनमध्ये ७११ पासून १४९२ पर्यंत कुठे ना कुठे अरबी राज्य होतं, त्यामुळे तिथले शब्द शेपटासकट, म्हणजे खरं तर शेंडीसकट आले. आणि हो, सुक्कर च्या मागे फारसी शकर आणि तिच्या मागे आपली शर्करा आहे, त्यामुळे शाळेत आमचे शब्द आमचे शब्द चाललं असेल तर लेकीला एवढं सांगून ठेवा. भांडण नको पण नोंद असावी.

मला जास्त मजा येते ती इंग्रजी आणि मराठीत वेगवेगळ्या दारांनी आलेल्या भावंडांची. टॅरिफ हा शब्द तारीफ पासून आला आहे, हो, तीच. मूळ अर्थ ओळख करून देणं, कळवणं. तिकडे व्यापाऱ्याने कळवलेले दर म्हणजे टॅरिफ झाले, इकडे माणसाची चांगली ओळख करून दिली ती तारीफ झाली. मारफत पण त्याच घरातला. मॅगझिन आणि खजिना ही तशीच जोडी, ख-झ-न म्हणजे साठवणं, मखझन म्हणजे कोठार, त्याचं अनेकवचन मखाझिन. इंग्रजीत आधी दारूगोळ्याचं कोठार, मग १७३१ साली लंडनमध्ये एका मासिकाने हा शब्द नावात घेतला, मजकुराचं कोठार या अर्थाने, आणि तेव्हापासून नियतकालिक. मान्सूनही बघा. अरबी मौसिम, म्हणजे हंगाम, गलबतं हाकारायचा हंगाम, तो पोर्तुगिजांच्या तोंडी मोन्साव झाला, तिथून इंग्रजीत मान्सून. आपल्याकडे मोसम. मग आपण मोसमी पाऊस म्हणा की मान्सूनचा, हवामान खातं आणि अरब खलाशी एकच गोष्ट सांगतायत.

जुन्या कागदात तर किती सापडेल! शिवाजी महाराजांनी रघुनाथपंत हणमंत्यांकडून राज्यव्यवहारकोश करून घेतला तो याच शब्दांना संस्कृत पर्याय द्यायला. मुजुमदाराचा अमात्य झाला, सुरनीसाचा सचिव झाला, पण वकील, किल्ला, फौज, हुकूम काही हलले नाहीत. मोल्सवर्थचा कोश हाताशी असेल तर उघडा, अशा शब्दांपुढे कंसात अरबी की फारसी ते एका अक्षरात दिलेलं आहे. मी एकदा नुसतं म चं प्रकरण चाळत बसलो होतो, आमटी करपली.

---

टिवल्याबावल्या :

म्हणजे आता अल दिसलं की अरबी! अलमारी, अलार्म, आल्फान्सो आंबा, सगळं शेखसाहेबांचं. आणि मोसंबी मोसमावरून. अलिबाग राहिलंच की :ड

---

जुन्या_दप्तरातला :

टिवल्या, तू थट्टा करतोयस पण लोक खरंच असं लिहितात म्हणून उत्तर देतो. अलमारी पोर्तुगीज आर्मारियो वरून, ते लॅटिन, त्यात अल नव्हतंच, र चा ल झाला. अलार्म म्हणजे इटालियनमध्ये शस्त्रं घ्या अशी आरोळी. आल्फान्सो हे युरोपातलं जुनं माणसाचं नाव, अरबांच्या विरुद्ध लढणाऱ्या राजांचंच जास्त करून. मोसंबी मोझांबिकवरून. अलिबाग मध्ये अल नाहीच, अली आहे.

उलट जिथे अल दिसत नाही तिथे लपलेलं असतं. अॅप्रिकॉट घे. लॅटिनमध्ये लवकर पिकणारं या अर्थाचा प्रेकॉक्स शब्द, तो ग्रीकमधून अरबीत गेला, आता बापूंनी सांगितलं तसं तिथे प नाही, म्हणून बर्कूक झाला, अल लागून अल-बर्कूक, स्पॅनिशमध्ये आल्बारिकोके, आणि इंग्रजीत येऊन घासून घासून अॅप्रिकॉट. वाटेत हरवलेला प घरी येताना परत सापडला. पण आज अरबी बाजारात बर्कूक मागितलंत तर आलुबुखार मिळेल, जर्दाळूला मिशमिश म्हणायचं. मोगरीताई, तुमच्यासाठी खास सांगतोय, फळवाला तोच असेल तर.

---

मृगशीर्ष_पुणे :

धागा आवडला. मी हौशी तारे बघणारा, अरबी येत नाही, पण आमच्या छंदात अरबीशिवाय पान हलत नाही. दप्तरवाल्यांनी आसुकार कानाने गेला म्हणून सांगितलं त्याची दुसरी बाजू लिहितो, आमच्याकडचे शब्द बरेचसे डोळ्यांनी गेले, म्हणजे पोथीतून, आणि डोळ्यांनी गेलेल्या शब्दांची जी काही वाट लागते ना!

अल्टेअर, आपला श्रवण. अल्डेबरान, आपली रोहिणी. दोन्हीत ल आहे. पण वरचा नियम लावला तर पुढे जड त आणि द, दोन्ही सूर्याची अक्षरं, म्हणजे अरब माणूस अत्ताइर आणि अद्दबरान म्हणणार. युरोपात लिहिलेलं बघून वाचलं, मोगरीताईंनी अल-शम्स वाचलं अगदी तसं. त्यामुळे ताई, वाईट वाटून घेऊ नका, तुमची चूक फार थोर परंपरेतली आहे.

आर्द्रेचं इंग्रजी नाव बीटलज्यूस, लोक हसतात त्या नावाला. मूळ यद अल-जौझा, यद म्हणजे हात. अरबीत शब्दाच्या सुरुवातीला य आणि ब सारखेच दिसतात, य खाली दोन टिंबं, ब खाली एक. लेकीच्या वहीत बघा. कुणीतरी नकलताना एक टिंब खाल्लं आणि हाताचं काहीतरी भलतंच झालं, ते आज जगातल्या सगळ्या तारानकाशांवर छापलेलं आहे. एका टिंबामुळे!

पण माझं सगळ्यात लाडकं उदाहरण झेनिथ आणि अझिमथ. झेनिथ म्हणजे डोक्यावरचा बिंदू, अझिमथ म्हणजे क्षितिजावरची दिशा, दुर्बीण लावताना दोन्ही रोज लागतात. शब्द एकच, सम्त, म्हणजे दिशा, वाट. डोक्याची दिशा म्हणून सम्त अर-रास, त्यातलं सम्त लॅटिन पोथीत लिहिलं गेलं, कुणालातरी त्यातला एम हा एन आणि आय वाटला (हाताने घाईत लिहून बघा, तीन दांडकीच असतात), सेम्त चं सेनित झालं, तिथून झेनिथ. आणि सम्त चं अनेकवचन सुमूत, त्याला अल लागून अस्सुमूत, ते मात्र कानाने ऐकल्यासारखं गेलं, ल गायब, म्हणून अझिमथ. सख्खे भाऊ, एक डोळ्यांनी गेला, एक कानाने, आता एकमेकांना ओळखत नाहीत.

गणितातला साइन पण असाच. आपली ज्या, जीवा. अरबांनी उच्चार ठेवून जीबा केलं, पण लिहिताना ऱ्हस्व स्वर लिहीत नाहीत, ज-य-ब एवढंच दिसतं. पुढच्यांनी वाचलं जैब. जैब म्हणजे कपड्याची घडी, छातीपाशी असते ती, खिसा म्हणा, हिंदीतली जेब तीच. बाराव्या शतकात लॅटिनमध्ये त्याचं इमानेइतबारे भाषांतर झालं, सायनस, घडी, पोकळी. म्हणजे आर्यभटाची धनुष्याची दोरी, खिशात घालून युरोपात नेली. मला दहावीला त्रिकोणमितीत जे मार्क पडले त्याला हेच कारण असावं असं मी घरी सांगून पाहिलंय, उपयोग झाला नाही.

---

मस्कतचा_बापू :

वा मृगशीर्ष, हे टिंबाचं माहीत नव्हतं. एक राहिलं, इंग्रजी शब्द अरबीत गेला की त्याचं ते काय करतात ते बघण्यासारखं आहे. अरबीत अनेकवचन करताना शब्दाचा सांगाडाच हलवतात. खबर चं अखबार, वलद म्हणजे मुलगा त्याचं औलाद, अमीर चं उमरा (आपले अमीर-उमराव). आता फिल्म शब्द आला, त्याचं अनेकवचन अफ्लाम. बँक चं बुनूक. म्हणजे फिल्म मुळात अरबी असता तर जे केलं असतं तेच, एफ-एल-एम पकडून साच्यात टाकला. इंग्रजी शब्द म्हणून पाहुणचार वगैरे काही नाही.

आणि खलास! खलास हा आपल्याकडे माणूस मेला किंवा पैसे संपले की म्हणतात, इकडे दिवसातून शंभर वेळा, पुरे, झालं, ठरलं, फोन ठेवतो, सगळ्याला खलास. मी सुट्टीत रत्नागिरीला गेलो आणि डॉक्टरांकडून वडिलांचे रिपोर्ट घेऊन बाहेर आल्यावर सवयीने आईला फोनवर म्हटलं, खलास. पुढचं विचारू नका.

---

मोगरी_शारजा :

बापू, अहो!! :) बिचाऱ्या तुमच्या आई.

सगळ्यांचे खूप आभार, एवढं मिळेल असं वाटलं नव्हतं. लेकीला अब्दुल आणि अब्दुर चं सांगितलं तर तिने वहीच्या मागच्या पानावर वर्गातल्या सगळ्या मुलांची नावं काढून दोन रकाने केले, सूर्यवाले आणि चंद्रवाले. एक नूरुद्दीन आहे, तो सूर्यात गेला. य आणि ब ची टिंबं पण तपासली, आणि आता गृहपाठात एक टिंब राहिलं म्हणून लाल शेरा आला की म्हणते, आई, एवढ्याने ताऱ्याचं नाव बदललं होतं, माझे फक्त अर्धा मार्क गेला. शर्करेची नोंद मात्र मी सध्या करू दिलेली नाही, पालक सभा होऊ दे आधी.

तीन चा सराव दोन दिवस केला. म्हणजे सराव कसला, एक दोन तीन च म्हणायचं होतं. काल मुद्दाम त्याच दुकानात गेले, छान साधा, हलका, मराठी तीन म्हटला. गल्ल्यावर तो सीरियन नव्हताच, एक मल्याळी मुलगा होता. त्याने तीन बोटं दाखवून विचारलं, काय तीन? किलो? मी अंजिरांकडे बोट दाखवलं. तर म्हणे, अंजीर बोलो ना दीदी.